यंत्राचे वाचन

वाचन ही क्रिया आम्हा सुशिक्षित म्हणविणाऱ्या मंडळींच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तीत वाचणाऱ्याचा वाटा किती आणि लेखाचा किती, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. अक्षरे कागदावर आहेत व ती आपण उचलून घेतो, एवढीच आपली समजूत. ही समजूत किती उथळ आहे हे जुने मोडी दप्तर हाती पडलेल्या माणसास तेव्हाच कळते. आणि ज्याने संगणकास त्याच्या मूळच्या बोलीला अगदी जवळच्या अशा भाषेत, म्हणजे असेंब्ली भाषेत, मजकुराची एखादी फाईल वाचावयास शिकविले आहे, त्यास ते अधिकच तीव्रतेने कळते. ह्या दुसऱ्या प्रकारच्या वाचनाचा इतिहास सांगावा असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय यंत्राचा दिसला तरी मराठी लेखनाच्या एका पिढीचे भवितव्य त्याशी निगडित आहे. तेव्हा तो यंत्रज्ञांवर सोपवून वाचकांनी पान उलटू नये, एवढी विनंती आहे.

निमित्त घडले ते असे. बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाने, स्वातंत्र्यास पन्नास वर्षे पूर्ण होत असता, १९९७ साली, १९४२ च्या चळवळीत भाग घेतलेल्या आसपासच्या वृद्धांच्या आठवणी टिपून घेतल्या. ही मंडळी त्या वेळी सत्तरी-पंचाहत्तरीत होती. आठवणी एका दुकानात संगणकावर जुळविल्या गेल्या, पुस्तक काढावयाचे ठरले, आणि पैशाअभावी ते राहून गेले. मूळच्या वह्या पुढे छपराची दुरुस्ती चालू असता पावसात भिजून गेल्या. सांगणारे एकामागून एक निघून गेले. उरली ती एक साडेतीन इंची फ्लॉपी, आणि तीही वाचनालयाच्या कपाटात वीस-बावीस वर्षे पडून होती. ती आमच्या हाती आली तेव्हा तीवर पानांची मांडणी केलेली फाईल नव्हती. केवळ सलग मजकुराची एक फाईल होती. ती उघडून पाहता पडद्यावर रोमन अक्षरे, विरामचिन्हे व कंस ह्यांचा असा काही गोंधळ दिसला की, आमच्या एका तरुण सहकाऱ्याने ‘फाईल नासली’ असा निकाल देऊन टाकला.

आम्हास तो निकाल पटला नाही. नासलेल्या वस्तूत नियम राहत नाही. ह्या गोंधळात तर त्याच त्या जोड्या पुन्हा पुन्हा येत होत्या, आणि शब्दांच्या लांबीइतक्या अंतरावर मोकळ्या जागाही होत्या. फाईलीत मजकूर आहे, तो वाचण्याची किल्ली मात्र आपल्यापाशी नाही, असे मनाने घेतले. विद्यार्थिदशेत, म्हणजे १९९० च्या आसपास, आम्ही ८०८६ ह्या प्रक्रियकाची असेंब्ली भाषा शिकलो होतो. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रावर विसंबून न राहता फाईलीत खरोखर काय साठविले आहे ते पाहावे, म्हणून ती जुनी विद्या आम्ही पुन्हा बाहेर काढली.

असेंब्ली भाषेचे वैशिष्ट्य असे की, ती लिहिणाऱ्याच्या वतीने काहीही गृहीत धरीत नाही. इतर भाषांत ‘ही फाईल वाच’ असे एका ओळीत सांगता येते, कारण मधली सारी खटपट कोणी दुसऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. येथे ती स्वतःच करावी लागते. डॉस ह्या जुन्या कार्यप्रणालीत रीत अशी आहे: प्रथम फाईलीचे नाव स्मृतीत एके ठिकाणी लिहून त्याच्या शेवटी शून्य ठेवावयाचे, त्या ठिकाणाचा पत्ता प्रक्रियकाच्या एका रजिस्टरात घालावयाचा, आणि कार्यप्रणालीस हाक मारावयाची. फाईल सापडल्यास ती आपल्या हाती एक क्रमांक देते. त्यास हँडल म्हणतात. कचेरीत अर्ज दिल्यावर मिळणाऱ्या आवक क्रमांकासारखाच हा. पुढचा सारा व्यवहार नाव बाजूस ठेवून ह्या क्रमांकाने चालतो. मग ‘ह्या क्रमांकाच्या फाईलीतून ५१२ बाइट काढून अमुक जागी ठेव’ असे सांगावयाचे. प्रत्यक्षात किती बाइट मिळाले तो आकडा कार्यप्रणाली परत करते. तो शून्य आला की फाईल संपली. तोवर हाती आलेला प्रत्येक बाइट एकेक करून तपासावयाचा, आणि शेवटी फाईल मिटवावयाची.

ह्या साऱ्या व्यवहारात ‘अक्षर’ हा शब्द कोठेही आला नाही, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. बाइट म्हणजे ० पासून २५५ पर्यंतचा एक आकडा, याहून अधिक काही नाही. ६५ हा आकडा रोमन लिपीतील पहिले मोठे अक्षर होय, हे यंत्रास ठाऊक नसते. तसे मानावयाचे असे माणसांनी आपसांत ठरविले आहे. यंत्र आकडे उचलते. वाचतो तो करार.

ह्या कराराची वंशावळ शोधू गेल्यास ती संगणकापाशी थांबत नाही. तारायंत्रापर्यंत मागे जाते. आणि तारेची आठवण आमच्या जिल्ह्यास परकी नाही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला, तो खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडत असे. बुलढाणा जिल्ह्यात ते १९०५ साली आले. गाठी रुळांवरून मुंबईकडे जात, आणि भावाची बातमी रुळांच्या शेजारून धावणाऱ्या तारेवरून येई. तारमास्तर कडकट्ट ऐकत असे व कागदावर अक्षरे उमटत असत. ध्वनीचे अक्षर करणारा करार त्याच्या डोक्यात होता. तो करार रोमन लिपीचा असल्यामुळे मराठी मजकूर तारेवरून बहुधा रोमन वेष घेऊनच जाई. पुढे संगणकाच्या बाबतीत जे व्हावयाचे होते त्याची ही पूर्वसूचनाच म्हणावयाची. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. परंतु तिने घालून दिलेल्या कित्येक रूढी आजही आपल्या फाईलींत नांदत आहेत.

मोर्सच्या लिपीत काही अक्षरे आखूड व काही लांब. माणसाच्या कानास ते चालते. यंत्रास सारी अक्षरे एका मापाची हवी असतात. १८७४ साली एमिल बोदो ह्या फ्रेंच गृहस्थाने प्रत्येक अक्षरास पाच खुणा देणारी पद्धत काढली. पाच खुणांच्या बत्तीस जुळण्या होतात, व रोमन लिपीस तेवढ्या कशाबशा पुरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी डोनल्ड मरे ह्याने तीत फेरफार करून कागदी पट्टीवर छिद्रे पाडण्याच्या यंत्राशी तिची सांगड घातली. पट्टीवर आता अक्षरांबरोबर यंत्रास द्यावयाच्या आज्ञाही आल्या: छापणारा गाडा ओळीच्या आरंभी परत न्या, आणि कागद एक ओळ वर सरकवा. अक्षर आणि आज्ञा एकाच पट्टीवर, एकाच रूपात, ही कल्पना येथे रूढ झाली.

हीच पट्टी पुढे संगणकाचे पहिले पुस्तक ठरली. केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स ह्यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. त्यास प्रोग्रॅम द्यावयाचा तो पाच छिद्रांच्या कागदी पट्टीवर. परंतु पट्टी वाचावयाची कशी, हे यंत्रास सांगणार कोण? सांगावयाचे तर तेही पट्टीवरूनच सांगावे लागणार. आणि पट्टी वाचता येत नाही हीच तर अडचण! डेव्हिड व्हीलर ह्या तरुण संशोधकाने हा पेच सोडविला. टेलिफोन केंद्रात वापरतात तशा फिरत्या स्विचांवर अवघ्या ३१ आज्ञा कायमच्या बसविण्यात आल्या. यंत्र सुरू करताच त्या आपोआप स्मृतीत उतरत आणि पट्टी वाचू लागत. ‘मिळवा’ ह्या आज्ञेसाठी ए हे अक्षर, ‘वजा करा’साठी एस, अक्षरानंतर दशमान पद्धतीने लिहिलेला पत्ता. त्या ३१ आज्ञा तो पत्ता अंकाअंकाने घेत, आधीचा आकडा दहाने गुणीत व त्यात नवा अंक मिळवीत, आणि सारे द्विमान रूपात जुळवून स्मृतीत मांडीत. मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम तो हाच. आज एखादा विद्यार्थी फाईलीतून ‘१९४२’ हे चार अंक वाचून त्यांची संख्या बनवितो तेव्हा प्रत्येक अंकातून ४८ वजा करणे, दहाने गुणणे व मिळविणे, असेच तो करीत असतो. उजळणी म्हणणाऱ्या मुलाने जसे म्हणावे तसेच हे सारे चालते; घाई नाही, आणि गाळसाळही नाही.

आज्ञांस आकड्यांऐवजी माणसास लक्षात राहतील अशी अक्षरचिन्हे द्यावी, हा विचार त्याही आधी, १९४७ साली, लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील कॅथलीन बूथ ह्या विदुषीने मांडला होता. असेंब्ली भाषेचा उगम तेथे मानतात. बूथ दांपत्याच्या ह्या कार्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. अँड्र्यू बूथ ह्यांच्या आराखड्यावरून निघालेल्या यंत्रांपैकी एचईसी-२एम हे यंत्र १९५६ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बसले. आणि ह्याच सुमारास मुंबईस, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन् ह्यांच्या पुढाकाराने एक संपूर्ण यंत्र येथेच बांधावयाचे काम चालले होते. त्याची लहान चाचणीप्रत १९५६ साली चालली, व पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कामास लागले. १९६२ साली त्यास टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि फेराइटच्या कड्यांची स्मृती ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द धारण करी. आजच्या मापाने हे १०,२४० बाइट झाले. प्रस्तुत लेख आजच्या पद्धतीने साठवू गेल्यास त्या स्मृतीत तो सबंध मावणार नाही. टिफ्रॅकचे वाचनही कागदी पट्टीवरूनच होई. मुंबईच्या त्या दालनात मराठी बोलणारी माणसे वावरत असतील. पट्टीवर मराठी येण्यास मात्र अजून अवकाश होता.

एडसॅकच्या काळी पाच छिद्रे होती. १९६३ साली अमेरिकेत सात द्विमान अंकांची ॲस्की ही सांकेतिक पद्धत ठरली, व १२८ जुळण्या उपलब्ध झाल्या. त्यांत मरेच्या दोन आज्ञा होत्याच: १३ म्हणजे गाडा परत न्या, १० म्हणजे कागद सरकवा. तत्कालीन टेलिटाइप यंत्र सेकंदास दहा अक्षरे छापी, आणि गाडा मागे जाण्यास त्याहून अधिक वेळ लागे. म्हणून आधी गाड्याची आज्ञा देऊन तो परतत असतानाच कागदाची आज्ञा देण्याची चाल पडली. गाडा गेला, कागद गेला, टेलिटाइपही गेले. परंतु आमच्या त्या फ्लॉपीवरील फाईलीत प्रत्येक ओळीच्या अखेरीस १३ व १० हे दोन आकडे निमूटपणे हातात हात घालून उभे होते. युनिक्सच्या परंपरेने त्यांपैकी एकास, १० ला, ठेवले व दुसऱ्यास निरोप दिला. डॉसच्या परंपरेने दोघांसही सांभाळले. ह्या मतभेदापायी एका परंपरेतील फाईल दुसरीत नेली असता ओळी मोडतात.

दुसरी एक रूढी आम्हास चांगलीच भोवली. सीपी/एम ह्या १९७० च्या दशकातील कार्यप्रणालीत फाईलीची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांतच मोजली जाई. शेवटच्या तुकड्यात मजकूर नेमका कोठे संपला हे कळावे म्हणून तेथे २६ हा आकडा लिहून ठेवीत. डॉसमध्ये खरी लांबी बाइटांत नोंदविली जाऊ लागली, तेव्हा ह्या खुणेची गरज संपली. परंतु सवय राहिली. ‘२६ दिसताच थांबावे’ हे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो होतो, आणि काही विचार न करता प्रोग्रॅममध्ये तसेच लिहून बसलो. प्रोग्रॅमने मोजले ते बाइट ५२ हजारांच्या आत भरले. निर्देशिकेत तर फाईलीची लांबी ८१ हजारांहून अधिक दाखविलेली! दोन दिवस आम्ही फ्लॉपीस दोष देत होतो. अखेर उलगडा झाला तो असा की, दुकानदाराने दोन फाईली एकास एक जोडल्या होत्या, आणि पहिलीच्या शेवटचा २६ मध्ये तसाच राहिला होता. ती अट काढून टाकताच पुढचा सारा मजकूर हाती आला. यंत्राने काही लपविले नव्हते. एका मृत रूढीवर आमची जी श्रद्धा होती तिने सात माणसांच्या आठवणी झाकून ठेवल्या होत्या.

आता लिपीचा प्रश्न उरला. ॲस्कीत देवनागरीस स्थान नव्हते. पण आठवा द्विमान अंक मोकळा असल्यामुळे १२८ च्या पुढची घरे रिकामी होती. भारतीय लिपींसाठी त्या घरांचा उपयोग करणारी इस्की ही पद्धत १९८० च्या दशकात आकारास आली, आणि भारतीय मानक संस्थेने १९९१ साली तिचे मानक प्रसिद्ध केले. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभ झालेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्राचा हिच्याशी निकटचा संबंध. हिच्या मांडणीत भाषाशास्त्राची दृष्टी होती: अक्षर कसे दिसते ह्यापेक्षा ते कोणत्या वर्णांचे बनले आहे, ह्यास महत्त्व. परंतु पुस्तके व पत्रके जुळविणाऱ्या दुकानांतून दुसरीच तऱ्हा फैलावली. तेथे रोमन अक्षरांच्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसविलेले फाँट चालत. फाईलीत रोमन अक्षराचा आकडा, आणि पडद्यावर त्या जागी मराठी आकार. छपाईपुरते काम उत्तम भागे; वाचनाचे पुढे काय होईल ह्याचा विचार करण्याचे त्या दुकानांस कारण नव्हते.

एका ‘का’ ह्या अक्षराचेच उदाहरण घ्या. इस्कीच्या फाईलीत ते १७९, २१८ असे दोन आकडे असते. कृतिदेव ह्या प्रसिद्ध फाँटाच्या संकेतात ते १००, १०७ असे असते, आणि हे दोन्ही आकडे ॲस्कीप्रमाणे पाहता साधी रोमन अक्षरे होत. १९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या युनिकोडमध्ये, त्याच्या यूटीएफ-८ ह्या १९९२ साली निघालेल्या व आज सर्वत्र चालणाऱ्या रूपात, ते २२४, १६४, १४९, २२४, १६४, १९० असे सहा आकड्यांचे होते. तीन फाईली, तीन आकड्यांच्या माळा, तिन्हींत ‘का’. आणि मुख्य मौज अशी की, ह्यांपैकी कोणता करार लागू आहे हे सांगणारे एक अक्षरही साध्या मजकुराच्या फाईलीत नसते. फाँटाचे नाव तीत लिहिलेले नसते. किल्ली पेटीबाहेर, आणि पेटीवर कुलूप कोणते ह्याचीही नोंद नाही!

अशा वेळी इतिहाससंशोधक जे करतो तेच आम्ही केले. दिल्लीस आणलेल्या अशोकस्तंभांवरील अक्षरे फिरोजशहा तुघलकाच्या काळी शाबूत होती. परंतु बोलावून आणलेल्या पंडितांपैकी कोणासही ती लागली नाहीत, कारण करार लोप पावला होता. जेम्स प्रिन्सेप ह्यांनी १८३७ साली ती लावली ती, कोणते चिन्ह कोठे व किती वेळा येते ह्याच्या चिकाटीच्या निरीक्षणाने. आम्ही २५६ कप्पे करून प्रत्येक आकडा किती वेळा आला ते मोजणारी दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहिली. १०७ हा आकडा इतरांस फार मागे टाकून पुढे आला. मराठीत काना विपुल, तेव्हा हा काना असावा असा तर्क केला. तरीही ही संख्या कान्याच्या मानाने अधिक वाटली. मग ध्यानी आले की, टंकलेखनयंत्रावर भ, ध, ण, श ह्यांसारखी अक्षरे अर्धे अक्षर व दंड अशा दोन ठोक्यांनी उमटवीत, आणि तो दंड व काना ह्यांची कळ एकच. १०२ हा आकडा शब्दारंभी वारंवार येई. तो ऱ्हस्व वेलांटीचा. आपण उच्चारात आधी व्यंजन व मग इकार म्हणतो. टंकलेखकाचे बोट मात्र डावीकडून उजवीकडे जाताना वेलांटी आधी ठोकते. रेफाचे ह्याच्या उलट: उच्चारात आधी, आणि फाईलीत अक्षराच्या मागून. टंकलेखनयंत्राच्या घडणीचे हे सारे संस्कार फाईलीत उतरलेले पाहून संकेत कृतिदेवाच्या घराण्यातील आहे ह्याविषयी शंका उरली नाही. कोष्टक तयार झाले. वेलांटी व्यंजनापलीकडे न्यावयाची, रेफ अक्षरामागून काढून पुढे आणावयाचा, अशी कलमे प्रोग्रॅमला जोडली. आणि एके सायंकाळी पडद्यावर मराठी उमटले.

एकंदर एकोणीस आठवणी निघाल्या. बारा त्या २६ च्या अलीकडच्या व सात पलीकडच्या. पलीकडच्यांपैकी एकीत, सायक्लोस्टाईल यंत्र कडब्याच्या गंजीत कसे लपविले, आणि पोलीस त्याच गंजीच्या सावलीत बसून पाणी पिऊन गेले, ही हकिगत आहे. सांगणारी व्यक्ती हयात नाही, आणि ही गोष्ट दुसरीकडे कोठे लिहिली गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तरी १२८ च्या पलीकडची दोन-तीन मूल्ये काही केल्या उलगडेनात. ज्याने १९९७ साली हा मजकूर जुळविला होता तो गृहस्थ आता मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवितो. त्यास तो आकडा ज्या शब्दांत आला होता ते शब्द दाखविले. क्षणभर पाहून तो म्हणाला, “सर, हा तं ‘शेतकऱ्या’तला र हाये. आल्ट दाबून चार आकडे मारा लागत होते.” तेवीस-चोवीस वर्षांनंतरही ते चार आकडे त्याच्या बोटांस आठवत होते. आमच्या कोष्टकातील शेवटचे रकाने त्या बोटांनी भरून दिले.

येथे हा लेख संपविता आला असता. पण युनिकोड आले म्हणजे सारे प्रश्न मिटले, असा समज होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. ‘शेतकऱ्या’तील हा र मराठीच्या खास जिव्हाळ्याचा. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत: एकीत तो सहा बाइटांचा होतो, व जुन्या दुसऱ्या रीतीत अदृश्य जोडचिन्ह धरून नऊ बाइटांचा. डोळ्यांस दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. बाइटास बाइट लावून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ते भिन्न वाटतात. एका रीतीने शोध घेतला तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला शेतकरी सापडत नाही. दुसरे उदाहरण आमच्या गावाच्या नावाचे. कोणी ‘बुलढाणा’ लिहितो, कोणी ‘बुलडाणा’. ह्या नावाचे यूटीएफ-८ पद्धतीने २१ बाइट होतात; त्यांपैकी २० जसेच्या तसे, आणि फरक एकात: ‘ढ’चा शेवटचा बाइट १६२, ‘ड’चा १६१. माणूस हसून सोडून देतो. यंत्राच्या लेखी ही दोन गावे. सरकारी नोंदी, सातबारे, वर्तमानपत्रांचे जुने अंक ह्यांचा शोध उद्या सर्वस्वी यंत्रांकडून व्हावयाचा असेल, तर लेखनातील असला एक आकड्याचा फरकही एखाद्याचा कागद नाहीसा करू शकेल.

मोडी लिपीचे उदाहरण आपल्यापुढे आहेच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या वाडवडिलांचे दैनंदिन लेखन तीत चाले. आज वऱ्हाडातील जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून रुमाल बांधून ठेवलेले कागद निघतात, आणि घरच्या माणसांस त्यांतील ओळही लागत नाही. मोडीस विसरावयास दोन पिढ्या लागल्या. फाँटांच्या ह्या संकेतांस विसरावयास तेवढाही काळ लागणार नाही, कारण कागद निदान दिसतो तरी. सुमारे १९९० ते २०१० ह्या वीस वर्षांत तालुक्यातालुक्यांतून जे मराठी लेखन संगणकावर झाले, स्मरणिका, नियतकालिके, ग्रामइतिहास, कवितासंग्रह, त्यांतील बरेचसे अशाच कुलूपबंद अवस्थेत कोठे तरी पडून आहे.

उपाय अवघड नाहीत. अशी फाईल सापडताच तिची प्रत काढून मूळ जशीच्या तशी ठेवावी. तीसोबत ती कोणत्या फाँटात, कोठे व केव्हा जुळविली ह्याची चार ओळींची नोंद साध्या कागदावर करावी. रूपांतर ज्यांनी ती जुळविली त्यांच्या हयातीत करून घ्यावे. आणि आमच्या महाविद्यालयांतून मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यानेही आयुष्यात एकदा तरी एखादी फाईल बाइटाबाइटाने वाचून पाहावी. पाठ्यपुस्तक न वाचताही त्यास लिपी म्हणजे काय ते कळेल.

त्या एकोणीस आठवणींची छापील प्रत आता वाचनालयात आहे. फ्लॉपीही आम्ही परत केली आहे. तिच्या पाकिटात आमचे कोष्टक घडी करून ठेवले आहे, आणि पाकिटावर ते आत असल्याची सूचना शाईने लिहिली आहे.